आभाराचा समारंभ आणि हिशेबाची वही

खोपोली मागे टाकून जुन्या मुंबई-पुणे रस्त्याने बोरघाट चढू लागले की वाटेत शिंग्रोबाचे देऊळ लागते. घाटातून जाणारे वाहनचालक तेथे क्षणभर थांबतात. थांबणे शक्य नसेल तर चालत्या गाडीतूनच एखादे नाणे टाकतात. आख्यायिका अशी की, सह्याद्री ओलांडण्याची वाट इंग्रज अभियंत्यांना सापडेना तेव्हा ती शिंग्रोबा नावाच्या एका धनगराने दाखविली. बक्षीस काय हवे असे विचारले असता त्याने स्वातंत्र्य मागितले आणि त्याच्या वाट्याला गोळी आली. इतिहासाच्या कसोटीवर ही कथा कितपत उतरेल हा प्रश्न वेगळा. ज्याने दिले त्याची आठवण ठेवावी, ही लोकमनाची भावना मात्र तीत स्वच्छ दिसते. उपकार कसे मानावेत या प्रश्नाला लोकांनी दिलेले उत्तर एक नाणे आणि एक नमस्कार इतके साधे आहे. घाटाखालच्या गावांतील, आणि एकंदर महाराष्ट्रातीलच, सेवाभावी संस्थांना मात्र हा प्रश्न इतका सोपा राहिलेला नाही.

लोकांच्या देणग्यांवर चालणाऱ्या संस्था वर्षातून एकदा देणगीदारांचा कृतज्ञता मेळावा भरवू लागल्या आहेत. अशा मेळाव्याचा साचा आता ठरून गेला आहे. दिवाळीनंतरचा एखादा रविवार, भाड्याचे सभागृह, व्यासपीठावर मानाच्या खुर्च्या, दीपप्रज्वलन, स्वागतगीत, मान्यवरांची भाषणे, शाल, श्रीफळ, सन्मानचिन्ह आणि शेवटी भोजन. संस्थेचा कार्यवाह वर्षाचा अहवाल वाचावयास उभा राहतो तेव्हा वेळ संपत आलेली असते, म्हणून तो 'थोडक्यात' वाचला जातो. ज्या कामासाठी पैसा मिळाला त्या कामाला दहा मिनिटे आणि ज्यांनी तो दिला त्यांच्या सत्काराला दीड तास, अशी ही वाटणी असते. ती कोणाच्या दुष्ट हेतूने झालेली नसते. कार्यकर्ते प्रामाणिक असतात, देणगीदारही बहुधा संकोची असतात. तरीही प्रथा म्हणून जे रुळते ते हळूहळू संस्थेचा स्वभाव बनते, आणि म्हणूनच या प्रथेचा विचार करणे अगत्याचे आहे.

आभार मानूच नयेत, दान हे निरपेक्षच असले पाहिजे, असा एक कडक पक्ष आपल्याकडे आहे. या हाताचे त्या हाताला कळू नये, हे वचन तो पक्ष पुढे करतो. परंतु हे वचन देणाऱ्यासाठी आहे, घेणाऱ्यासाठी नव्हे. देणाऱ्याने विसरावे हे जितके खरे, तितकेच घेणाऱ्याने विसरू नये हेही खरे. प्रत्यक्षात तक्रार ऐकू येते ती उलटीच. धनादेश वटला की संस्थेचा आवाज बंद होतो आणि पुढच्या वर्षी पुन्हा मदतीचे आवाहन येते, तेवढ्यापुरता देणगीदार आठवतो, असे अनुभव अनेकांच्या पदरी असतात. एखादा निवृत्त शिक्षक पत्नीच्या स्मरणार्थ दरवर्षी काही रक्कम पाठवितो. तिचे काय झाले हे त्याला कोणी सांगत नाही. तिसऱ्या-चौथ्या वर्षी त्याचा हात आखडला तर त्याला कृपण म्हणता येणार नाही.

या छोट्या देणगीदाराची स्थिती अलीकडे आणखी बदलली आहे. आर्थिक वर्ष २०२३-२४ पासून प्राप्तिकराची नवी प्रणाली हीच सर्वसाधारण प्रणाली मानली जाते. जुनी प्रणाली ज्याने मुद्दाम निवडलेली नाही, अशा पगारदाराला धर्मादाय देणगीवर पूर्वी मिळणारी वजावट मिळत नाही. मार्च महिन्यात कर वाचविण्यासाठी पावती फाडणारा कारकून वा शिक्षक आता देणगी देईल तर ती निखळ इच्छेने देईल. सरकारकडून त्याला काहीही परत मिळावयाचे नाही. अशा वेळी संस्थेने त्याला परत द्यावयाची एकच गोष्ट उरते, ती म्हणजे आपला पैसा सत्कारणी लागला याची खात्री. आभाराचे खरे मूल्य या खात्रीत आहे. मेळाव्याला हीच कसोटी लावली पाहिजे: तेथून परतणाऱ्या मनुष्याला संस्थेच्या कामाविषयी येताना होती त्यापेक्षा अधिक माहिती झाली काय? झाली असेल तर मेळावा सार्थ ठरला. झाली नसेल तर शाल कितीही उंची असो, आभार मानले गेले असे म्हणता येणार नाही.

या कसोटीवर पाहिले असता पहिला दोष दिसतो तो देणगीदार कोणाला म्हणावे याविषयीच्या गोंधळाचा. खालापूर तालुका हा कारखान्यांचा तालुका आहे. खोपोलीला टाटांचे जलविद्युत केंद्र १९१५ साली सुरू झाले आणि घाटमाथ्यावरच्या तलावांतील पाणी खाली आणून मुंबईला वीज मिळू लागली, तेव्हापासून या परिसराची उद्योगांशी गाठ पडली आहे. त्यामुळे येथील संस्थांची दृष्टी साहजिकच कारखान्यांच्या मदतीकडे लागते. २०१३ च्या कंपनी कायद्याच्या १३५ व्या कलमाने, ठरावीक आकाराच्या कंपन्यांवर मागील तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याच्या किमान २ टक्के रक्कम सामाजिक कामांवर खर्च करण्याचे बंधन घातले. १ एप्रिल २०१४ पासून ते लागू आहे, आणि कंपनी जेथे काम करते त्या परिसराला प्राधान्य द्यावे असेही कायदा सांगतो. या पैशातून शाळांच्या इमारती उभ्या राहिल्या, पाण्याच्या योजना झाल्या, रुग्णवाहिका आल्या, हे नाकारण्याचे कारण नाही. परंतु कायद्याने जे करावयाचेच आहे, ते करणाऱ्या अधिकाऱ्याला दानशूर म्हणून व्यासपीठाच्या मध्यभागी बसवावयाचे आणि पगारातून पाचशे रुपये काढून देणाऱ्या शिक्षिकेला सभागृहाच्या पाचव्या रांगेत, यात औचित्य कोणते? कंपनीचे आभार जरूर मानावेत. मात्र कर्तव्य आणि त्याग यांना एकाच तागडीत घालून वर पहिल्याचे पारडे जड ठरवू नये.

नावाचा प्रश्न याहून नाजूक आहे. देणगीदाराचे नाव भिंतीवर असावे काय? आपल्याकडील जुन्या देवळांच्या पायऱ्यांवर दात्यांची नावे कोरलेली आढळतात. नाव राहावे ही माणसाची इच्छा त्यात आहे, आणि त्या नावावर भाविकांचे पाय पडावेत ही नम्रताही आहे. आधुनिक संस्थांच्या इतिहासात या प्रश्नाची दोन थोर उत्तरे सापडतात. महर्षी धोंडो केशव कर्वे यांनी १९१६ साली स्थापन केलेल्या महिला विद्यापीठाला सर विठ्ठलदास ठाकरसी यांनी १९२० साली पंधरा लाख रुपयांची देणगी देऊ केली. आपल्या मातोश्रींचे नाव विद्यापीठाला द्यावे ही त्यांची अट होती. कर्व्यांनी ती मान्य केली आणि श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी हे नाव विद्यापीठाला मिळाले. उलट कर्मवीर भाऊराव पाटील यांच्याविषयी सांगतात की, साताऱ्याच्या महाविद्यालयाला असलेले छत्रपती शिवाजी महाराजांचे नाव बदलण्याच्या अटीवर मोठी देणगी देऊ करण्यात आली, तेव्हा त्यांनी ती साफ नाकारली. एकाने नाव दिले, दुसऱ्याने दिले नाही. परंतु दोघांनीही कामाचे भले कशात आहे याचाच विचार केला. स्त्रियांच्या शिक्षणासाठी झटणाऱ्या विद्यापीठाला एका मातेचे नाव मिळाल्याने त्याच्या उद्दिष्टाला बाध येत नव्हता. बहुजनांच्या मुलांसाठी उभ्या राहिलेल्या महाविद्यालयावरून शिवछत्रपतींचे नाव पुसले गेले असते तर संस्थेचा प्राणच गेला असता. अट स्वीकारावी की नाकारावी हे रकमेवरून ठरत नाही, याची ही दोन उदाहरणे साक्ष देतात.

आजच्या शासनालाही आभार आणि जाहिरात यांतील सीमारेषा आखावी लागली आहे, ही गोष्ट बोलकी आहे. वस्तू व सेवा कराच्या संदर्भात ११ ऑक्टोबर २०१९ रोजी एक परिपत्रक निघाले. धर्मादाय संस्थेने देणगीदाराच्या नावाची पाटी केवळ कृतज्ञता म्हणून लावली आणि त्यातून त्याच्या धंद्याची जाहिरात होत नसेल, तर त्या देणगीवर कर बसणार नाही, असा त्याचा आशय आहे. वडिलांच्या स्मरणार्थ खोली बांधून दिल्याची दारावरची पाटी ही कृतज्ञता. मालाचा डंका पिटणारा फलक हा व्यवहार. कंपनी कायद्याखालील नियमांतही, विक्रीच्या लाभासाठी दिलेले प्रायोजकत्व हे सामाजिक उत्तरदायित्वाच्या खर्चात धरता येत नाही. कर खात्याच्या परिपत्रकाला जो विवेक कळतो तो कृतज्ञता मेळाव्याच्या मांडवात, जेथे वक्त्याच्या मागचा संपूर्ण पडदा प्रायोजकांच्या बोधचिन्हांनी भरलेला असतो, तेथे हरवावा हे खेदजनक आहे.

तिसरा दोष सर्वांत गंभीर, आणि तो सर्वांत कमी बोलला जातो. अशा समारंभात ज्यांच्यासाठी मदत आली त्यांना आणून बसविले जाते. वसतिगृहातील आदिवासी मुले इस्त्रीचे गणवेश घालून स्वागतगीत म्हणतात. एखाद्या मुलीला माईकपुढे उभे करून तिच्या घरच्या दारिद्र्याची कथा सांगावयास लावतात. सभागृहात डोळे पुसले जातात आणि नव्या देणग्या जाहीर होतात. या कथनातून पैसा मिळतो हे खरे. पण त्या मुलीने काय गमावले याची नोंद कोणत्या जमाखर्चात होते? खालापूर तालुक्याला या प्रश्नाची धग फार जवळून लागलेली आहे. १९ जुलै २०२३ च्या रात्री इर्शाळगडाच्या कुशीतील इर्शाळवाडी ही ठाकरांची वाडी दरडीखाली गाडली गेली. शोधकार्य २३ जुलैला थांबविण्यात आले तेव्हा २७ मृतदेह हाती आले होते आणि ५७ माणसे बेपत्ता होती. मदतीचा ओघ सुरू झाला. वाचलेल्यांना चौकजवळ तात्पुरता निवारा मिळाला आणि पुढे कायमच्या पुनर्वसनासाठी सिडकोने ४४ घरे बांधली. ज्यांचे सर्वस्व एका रात्रीत गेले अशा माणसांनी, पहिल्या वर्षश्राद्धालाही किंवा कधीही, हार घेऊन कोणाच्या स्वागताला उभे राहावे अशी अपेक्षा करणे हे माणुसकीला धरून नाही. आपत्तीत सापडलेल्याला मिळालेली मदत हा समाजाचा त्याच्याविषयीचा धर्म आहे. त्या धर्माची फेड तो अश्रूंनी करीत बसला पाहिजे, असा दंडक कोठेही नाही.

इर्शाळवाडीने आणखी एक गोष्ट दाखविली. वाडीपर्यंत गाडीरस्ता नव्हता, यंत्रसामग्री वर नेता येत नव्हती. रात्री पावसात पायवाटेने चढून गेलेल्यांत परिसरातील गिर्यारोहक आणि ग्रामस्थ होते. मदतीसाठी चढत असताना नवी मुंबईच्या अग्निशमन दलातील एका अधिकाऱ्याला मृत्यूने गाठले. त्याच वर्षी १५ एप्रिलच्या पहाटे, शिंग्रोबाच्या देवळाजवळच एक बस दरीत कोसळून १३ जण मृत्युमुखी पडले. त्यांत ढोल-ताशा पथकातील तरुण मुले होती. तेव्हाही दोर बांधून दरीत उतरणाऱ्यांत खोपोलीतले स्वयंसेवक होते. यांनी दिलेल्या देणगीची पावती कोणत्या पुस्तकात फाडावयाची? संस्थांच्या याद्या रकमेच्या उतरत्या क्रमाने लावल्या जातात, आणि ज्याने आपली झोप, आपला रोजगार, प्रसंगी आपला जीव दिला त्याच्यासाठी त्या यादीत रकानाच नसतो. भाऊराव पाटलांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांनी वसतिगृहातील मुलांच्या पोटासाठी अंगावरचे दागिने, अखेर मंगळसूत्रसुद्धा दिले. त्या देणगीचा समारंभ झाला नाही. पण रयत शिक्षण संस्थेच्या इतिहासात त्याहून मोठी देणगी शोधून सापडणार नाही.

मग हजारो लहान दात्यांचे आभार मानावयाचे कसे? याचे उत्तर घाट चढून वर गेल्यावर तळेगाव दाभाड्याला मिळते. दरवर्षी माणशी एक पैसा गोळा करून स्वदेशी उद्योग उभारावा, या अंताजी दामोदर काळे यांच्या कल्पनेतून पैसा फंड जन्माला आला आणि लोकमान्य टिळकांचा पाठिंबा त्याला लाभला. या पैशापैशातून १९०८ साली तळेगावला काच कारखाना निघाला. पैसा देणाऱ्या असंख्य शाळकरी मुलांना, हमालांना, गृहिणींना शाल देणे कोणाला शक्य होते? त्यांचे आभार त्या कारखान्याने मानले. देशी काचेचे सामान पाहताना त्यात आपलाही पैसा आहे, असे त्यांतील कोणालाही म्हणता येत होते. काम डोळ्यांना दिसणे हीच लहान दात्याची पोच होय.

याचा अर्थ मेळावे बंद करावेत असा नव्हे. त्यांचे रूप पालटावे असा आहे. आनंदवनात मित्रमेळावे भरत, या नावातच बाबा आमट्यांची दृष्टी दिसते. पैसे देणारा तो देणगीदार आणि घेणारा तो लाभार्थी, ही विभागणी मित्र या एका शब्दाने पुसून टाकली. तेथे येणाऱ्याला कुष्ठमुक्त माणसांनी पिकविलेली शेते आणि त्यांच्या हातांनी चालणारे उद्योग पाहावयास मिळत. पुढे याच संस्थेतील कलावंतांचा स्वरानंदवन हा वाद्यवृंद गावोगावी कार्यक्रम करू लागला, तेव्हा प्रेक्षकांपुढे आली ती कला; दैन्य नव्हे. वसतिगृहातील मुलांकडून सक्तीचे स्वागतगीत म्हणवून घेणे आणि कलावंताने आपल्या मेहनतीच्या बळावर रंगमंचावर उभे राहणे, यांत जमीन-अस्मानाचे अंतर आहे.

कर्जत-खालापूर परिसरातील संस्थांना हा धडा सहज गिरविता येण्यासारखा आहे. मेळावा शहरातील सभागृहाऐवजी जेथे काम चालते तेथे, वाडीवर, वसतिगृहात, दवाखान्यात भरवावा. येथे मुंबई-पुण्याहून येणे अवघड नाही. लोकलची गाडी खोपोलीपर्यंत येते. पाहुण्यांना काम दाखवावे आणि ते करणाऱ्यांशी बोलू द्यावे. मुलांनी यजमान व्हावे, प्रदर्शनातील वस्तू होऊ नये. जेवण तेथे रोज शिजते तेच वाढावे. वर्षाचा जमाखर्च छापून प्रत्येकाच्या हाती द्यावा आणि त्यात मेळाव्याचा खर्च किती झाला व तो कोठून केला हे स्वतंत्र ओळीत लिहावे. देणगीदारांची नावे वाचावयाचीच असतील तर ती वर्णानुक्रमाने, रक्कम न सांगता वाचावीत, आणि त्यांत श्रम देणाऱ्यांची नावेही असावीत. ज्याला नाव नको त्याचे नाव घेऊ नये. जे येऊ शकत नाहीत त्यांना एक पत्र जावे, छापील मजकुराखाली नुसती सही असलेले नव्हे, तर त्यांच्या पैशातून काय झाले हे चार ओळींत सांगणारे. जे काम फसले तेही त्यात लिहावे. अपयशाची कबुली देणाऱ्या संस्थेवरील विश्वास वाढतो, कमी होत नाही.

यावर कार्यकर्ते म्हणतील की, बड्या देणगीदाराला मान दिला नाही तर तो दुसऱ्या संस्थेकडे जाईल, आणि मुलांचे जेवण आदर्शांवर शिजत नाही. ही अडचण खोटी नाही; पण ती जितकी सांगितली जाते तितकी मोठीही नाही. मानासाठी देणारा मनुष्य अधिक मान जेथे मिळेल तेथे जाणारच. त्याला धरून ठेवण्यासाठी दरवर्षी समारंभ वाढवीत न्यावा लागतो आणि एक दिवस संस्था कामापेक्षा समारंभासाठीच राबू लागते. कामावर विश्वास ठेवून देणारा मात्र संकटाच्या वर्षीही पाठ फिरवीत नाही. संस्थेने कोणावर अवलंबून राहावे हे तिच्या हातात आहे, आणि वर्षातून एकदा भरणारा मेळावा हे तिने केलेल्या निवडीचे जाहीर उत्तर असते.

शिंग्रोबापुढे नाणे टाकणारा चालक पावती मागत नाही आणि त्या नाण्याचे काय झाले हेही विचारीत नाही. देवाच्या बाबतीत ते शोभते. संस्था देव नव्हेत. त्या माणसांनी माणसांसाठी चालविलेल्या आहेत, आणि दुसऱ्याच्या घामाचा पैसा त्यांच्या हाती विश्वासाने आलेला असतो. त्या विश्वासाचे ऋण हारतुऱ्यांनी फिटत नाही. हिशेबाची वही उघडी ठेवली आणि कामाच्या जागी चार माणसांना सन्मानाने बसविले, तर निराळ्या आभाराची गरज पडणार नाही.